फाटकाजवळचा फोटो

मुलुंड (पूर्व), २१ एप्रिल

शकू,

आधी तुझा गुडघा कसा आहे ते सांग. कुडाळच्या घराला पाच पायऱ्या आहेत, त्या उतरताना भिंतीला हात लाव, उगाच शूरपणा नको. सपनाची कंबर बरी आहे का? तिला म्हणावं, भरलेली कळशी नेहमी एकाच अंगाला घेऊ नकोस. सिद्धेशरावांची साखर किती आली? आंब्याचे दिवस आहेत आणि कलमं दारातच, तेव्हा जावयावर नजर ठेव आणि हा मामेसासऱ्याचा निरोप आहे म्हणून सांग. ऋतिकाचे पुढचे दोन दात आले का? पडलेले असतानाचा तिचा हसरा फोटो माझ्याकडे आहे, मोठी झाली की चिडवायला ठेवलाय.

इकडे माझा खोकला गेला. तुझ्या वहिनीचं प्रेशर ठीक आहे, जीभ त्याहून ठीक आहे.

पाकिटावर सपनाचं नाव घातलंय. तुझं घातलं असतं तर तू न फोडता चुलीत घातलं असतंस. तू माझा नंबर ब्लॉक केलास हे कळायला मला चार दिवस लागले. मला वाटलं, तिकडे रेंज नसेल. मग एके दुपारी स्वयंपाकघरातून वहिनीच्या मोबाइलवर तुझा आवाज आला. म्हणजे रेंज आहे. ती तुझ्याशी रोज बोलते आणि मी आत आलो की ‘हो गं, डाळ भिजत घातलीय’ असं काहीतरी म्हणते. डाळीचा विषय अर्धा अर्धा तास चालत नाही, तुझ्या सुलक्षणावहिनीचासुद्धा. तेव्हा तुम्हा दोघींचं काय चाललंय ते मला समजत नाही असं समजू नका.

तुझं रसाचं टेबल पालिकेच्या गाडीने उचलून नेलं त्याला आज अठरा दिवस झाले. मी बागेत तिसऱ्या फेरीला होतो. बाहेर आलो तर टेबल गाडीत चढलेलं, आवळ्याचा रस रस्त्यावर सांडलेला आणि तू एका हातात गाळणी घेऊन उभी. मला बघून एवढंच म्हणालीस, ‘दादा, परवा तूच फोटो काढलंस मा?’ मी उत्तर द्यायच्या आत वळलीस. घरी दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस, मग गावची बस धरलीस. सोळा वर्षं बागेच्या त्या फाटकाशी बसलीस, पाऊस नाही बघितलास की ताप नाही, आणि एका प्रश्नावर उठून गेलीस.

तर लेखी देतो. तक्रार मी केलेली नाही.

फोटो काढला, ते खरं. फोटो मी रोजच काढतो. विक्रोळीच्या कारखान्यातून सुटलो तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षं, एक दिवस चुकलेला नाही. पिंपळाखालचा न्हावी आणि त्याचा तडकलेला आरसा, बागेतलं तिसरं बाक, नाल्याच्या पुलावर वाळत घातलेल्या गोधड्या, शाळा सुटल्यावर रिक्षेतून बाहेर लोंबणारी दप्तरं. मला कुणी शिकवलं नाही. टूलरूममध्ये आयुष्यभर एका रेषेकडे डोळे लावून बसलो, तेच डोळे वापरतो. फोटो काढायचा, वर ‘शुभ सकाळ’ लिहायचं आणि आमच्या सुप्रभात मंडळाच्या ग्रुपवर टाकायचा. एवढंच. त्या दिवशी फाटकाशी सोनमोहराच्या पिवळ्या फुलांचा सडा पडला होता, म्हणून तिथला काढला. त्यात तुझं टेबल आलं असेल. सडा मोठा होता.

तक्रार दुसऱ्याच कुणीतरी केली आहे आणि तो कोण ते मी शोधून काढणार आहे. माझा पहिला संशय समोरच्या केतनवर. त्याच्या फळांच्या दुकानात काउंटरवर रस काढायचं नवं मशीन आलंय. तुझं टेबल जायला आणि त्याचं मशीन यायला एकच मुहूर्त कसा? काल मी रस्त्यापलीकडून त्या मशीनचा फोटो काढला. तो फळं पुसत होता, तसाच ओरडला, ‘काका, सकाळ सकाळ दुकानाचा फोटो? इन्कम टॅक्समध्ये लागलात काय?’ मी म्हटलं, नाही रे, मोसंब्यांचा रंग चांगला दिसतोय. तो हसला. हसण्यात काहीतरी होतं.

दुसरा संशय बागेच्या मिथुन वॉचमनवर. तुझ्याकडून रोज फुकट ग्लास प्यायचा. गाडी आली तेव्हा नेमका केबिनमध्ये नव्हता. गाडी येणार हे ज्याला ठाऊक असतं तोच असा नेमका गायब होतो.

कळवतो. तूही दोन ओळी लिही.

तुझा दादा


मुलुंड (पूर्व), २ मे

शकू,

उत्तर नाही आलं. पत्र पोचलं हे मात्र कळलं. परवा वहिनी मला म्हणाली, ‘ऋतिकाचा पुढचा एक दात आला, आता बाजूचा हलतोय.’ मी विचारलं तुला कसं कळलं, तर म्हणते, ‘वाऱ्याने सांगितलं.’ बरं. वाऱ्याला माझा निरोप सांग, हलणारा दात दोऱ्याने ओढू नका, आपोआप पडू दे.

केतनवरचा संशय मी मागे घेतो. त्याने मला स्वतःच दुकानात बोलावलं. म्हणाला, ‘काका, तीन दिवस रोज माझ्या मशीनचे फोटो काढताय. विचारायचं ते सरळ विचारा ना यार.’ मी विचारलं. त्याने मशीन वळवून मागची बाजू दाखवली. तिथे हळदकुंकवाचं सुकलेलं बोट होतं. गुढीपाडव्याला पूजा करून आणलंय, तुझं टेबल गेलं त्याच्या आधी. वर म्हणाला, ‘मावशी होती तेव्हा लोक कडू पिऊन तोंड गोड करायला माझ्याकडे यायचे. आता तेपण येत नाहीत. माझी वाट लागलीय आणि तुम्ही मलाच चोर धरताय.’ खजील झालो. दोन मोसंबी घेऊन आलो.

मिथुनवरचाही मागे घेतो. त्याने केबिनचं दार लावलं आणि बाकाखालून तुझी मोठी किटली काढून दाखवली, दुधीच्या रसाची, झाकणाला दोरी बांधलेली. गाडी दिसल्यावर तो ती उचलून आत पळाला होता. म्हणून दिसला नव्हता. ‘बाकी दोन पण घेतल्या असत्या हो, पण हात दोनच आहेत,’ म्हणाला. किटली त्याने घासून ठेवलीय. माझ्याकडे मात्र द्यायला तयार नाही. म्हणतो, ‘ताईंच्याच हातात देणार.’ माझ्याकडे त्याने ज्या नजरेने बघितलं ती नजर मला ओळखीची वाटली. मी गेला महिनाभर लोकांकडे त्याच नजरेने बघतोय.

कारण आता मोहल्ल्याचा संशय माझ्यावर आहे. न्हाव्याने परवा मी मोबाइल वर केल्याबरोबर आरसा भिंतीकडे फिरवला. दाढी अर्धी झालेलं गिऱ्हाईक तसंच बसलं होतं, तेही माझ्याकडे बघून कुजबुजलं. बागेत घसरगुंडीजवळ एका मुलीने, मुलगी म्हणजे तिशीची बाई, हात आडवा केला, ‘आजोबा, मोबाइल खाली ठेवा. माझा मुलगा खेळतोय तिथे.’ मी म्हटलं, अगं, मी सहा वर्षं इथेच फोटो काढतोय. ती म्हणाली, ‘तेच तर. कशासाठी?’ मी मोबाइल खिशात ठेवला. आवड म्हणून, असं म्हटलं असतं, पण त्या क्षणी ते माझं मलाच खरं वाटलं नसतं.

सगळ्यात लागलं ते सुगंधाचं. आपली गजरेवाली, तुझ्या शेजारी सोळा वर्षं बसलेली. मला येताना बघून तिने टोपली उचलून डोक्यावर घेतली. ‘दादा, आज माझा नको हां. तुमचा फोटो लागला की मागून गाडी येते.’ मी म्हटलं, सुगंधा, मी तसा माणूस आहे का? ती म्हणाली, ‘तुम्ही कसे आहात ते मला कुठे माहितेय? सोळा वर्षं शकूताई माझ्या शेजारी बसली, तुमच्याबद्दल कधी एक शब्द बोलली नाही.’ मग बसली, टोपली मांडीवर घेऊन, आणि मला दोन गोष्टी सांगितल्या. त्या नीट वाच.

एक. २६ तारखेला पालिकेचा माणूस फाटकाशी येणार आहे. कोण कुठे बसतं ते बघून जागांना नंबर घालणार. ज्याचं आधार कार्ड आणि जो जागेवर उभा, त्याचा नंबर. नसेल त्याची जागा गेली, मग पुढे कितीही हिंडा. ‘जागा गार झाली की संपली, दादा,’ म्हणाली. तुझ्या जागेवर तिने विटेखाली रिकामं पोतं ठेवलंय, पण एक मोबाइल कव्हरवाला रोज येऊन त्या पोत्याकडे बघून जातो.

दोन. कुणाची तक्रार आहे ते वॉर्ड ऑफिसात कळतं. ‘आजकाल फोटो जोडल्याशिवाय तक्रार लागतच नाही,’ म्हणाली आणि माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघितलं.

मी जाणार आहे ऑफिसात. फोटो बघितला की कुठून काढलाय आणि कुणी काढलाय ते मला ओळखता येईल.

आता तुझ्या मनात कुणाचं नाव येईल ते मला ठाऊक आहे. आमच्या मंडळाचे चंद्रप्रकाश. पण त्यांच्यावर शंका घेऊ नकोस. बँकेत मोठे अधिकारी होते, सज्जन माणूस, मला एवढा मान देतात. काल मी त्यांना म्हटलं की ऑफिसात जाऊन बघणार आहे. ते म्हणाले, ‘सीताराम साहेब, सोडा ना. ती बाई परत बसली की पुन्हा तेच सुरू.’ हे त्यांनी सहज म्हटलं. मी यात काही बघत नाही.

लिही गं. शिव्या घालायच्या तर घाल, पण लिही.

तुझा दादा


मुलुंड (पूर्व), ९ मे

शकू,

वॉर्ड ऑफिसात जाऊन आलो. दोन खिडक्या फिरवलं, शेवटी एका क्लार्कने फाईल काढली. तक्रारीवर नाव झाकलेलं असतं, ते दाखवत नाहीत. सोबत फोटो होता, पण कागदावर छापताना अगदीच काळा आला होता. काही दिसलं नाही. क्लार्क जेवायला उठला.

तेव्हा आता या शोधाला अर्थ नाही. कोणीतरी केली, झालं. मुंबईत कोण कुणाचं पाहतो.

मी विचार केला, तुला तिकडेच बरं. हवा चांगली, नात जवळ, सपनाला हातभार. या वयात पहाटे साडेचारला उठून कारली किसायची कशाला? २६ तारखेचं मनावर घेऊ नकोस. सुगंधाचं पोतं मी काढून घ्यायला सांगतो.

फोटो काढणं मी बंद केलंय. डोळ्यांना त्रास होतो.

सगळ्यांना आशीर्वाद.

दादा


मुलुंड (पूर्व), १६ मे

शकू,

गुडघा, कंबर, साखर, दात. सगळं विचारलंय असं समज. या वेळी मला आधी दुसरं लिहायचंय. हात थांबला तर पुन्हा चालणार नाही.

मागचं पत्र खोटं आहे. त्याआधीची दोन अर्धी खोटी आहेत.

मागचं पत्र टाकून आलो त्याच संध्याकाळी वहिनी चहा घेऊन समोर बसली. डाळ नाही, वारा नाही, सरळ म्हणाली, ‘वन्संचा निरोप आहे. त्यांना बाकी काही नको. दादाला विचारा म्हणाल्या, बागेत मी त्याची कोण.’ मी म्हटलं, चहा होऊ दे आधी. ती म्हणाली, ‘सांगा ना. कोण ती तुमची? मलाही ऐकायचंय.’

चहावर साय आली. मी सांगितलं. तिला जे सांगितलं तेच तुला लिहितो.

बागेत पहिल्या दिवशी चंद्रप्रकाशांनी विचारलं, कुठे होतात? मी म्हटलं, इंजिनिअरिंगमध्ये. कारखान्यात टूलरूम म्हणजे इंजिनिअरिंगच, खोटं नव्हतं. पण ते म्हणाले, ‘वा, इंजिनिअर साहेब,’ आणि मी दुरुस्त केलं नाही. चाळीस वर्षं मला सगळे ए सीताराम म्हणत आले. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी साहेब म्हणालं. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे तुझ्या टेबलाशी आलो. तू हसून म्हणालीस, ‘दादा, तुला दुधी देऊ की कारलं?’ चंद्रप्रकाश म्हणाले, ‘ही सगळ्यांनाच दादा म्हणते वाटतं.’ सगळे हसले. मीही हसलो.

तिसऱ्या दिवशी तू मला ‘साहेब, काय देऊ?’ म्हणालीस. मला वाटलं, शहाणी आहे, तिला समजलं, तिची हरकत नाही. सहा वर्षं मला असंच वाटत राहिलं, कारण तसं वाटून घेणं सोयीचं होतं. घरी तू माझ्या पानात वाढायचीस आणि बागेत मी तुला बाई म्हणायचो. फोटोसुद्धा मी नेहमी डावीकडे सरकून काढायचो, तुझं टेबल चौकटीत येऊ नये म्हणून. माझ्याकडे त्या फाटकाचे शंभरेक फोटो आहेत. काल सगळे पुन्हा बघितले. एकातही तू नाहीस.

एकात सोडून.

त्या दिवशी सोनमोहराचा सडा नव्हता. तू टेबल लावण्याआधी तिथे रोज झाडून घेतेस, सडा राहील कुठून? चंद्रप्रकाश मला म्हणाले, ‘सीताराम साहेब, तुमचा हात चांगला आहे. या बाईचं टेबल नीट दिसेल असा एक काढा. वयस्कर माणसांना चालायला जागा उरलेली नाही, हे कुणीतरी दाखवायला हवं.’ मी म्हणायला हवं होतं, ती माझी बहीण आहे. एवढं लहानसं वाक्य. पण ते म्हटलं असतं तर मागची सहा वर्षं उलटी मोजावी लागली असती. मी मोबाइल काढला. आणि शकू, मी खाली बसलो. उभ्याने काढला असता तर पदपथाची मोकळी बाजू दिसली असती. खाली बसलं की पुढची वस्तू मोठी दिसते आणि मागची जागा नाहीशी होते. हे मला माहीत होतं. चांगला काढायचा म्हणून बसलो. त्यांनी शाबास म्हणावं म्हणून बसलो.

घरी येऊन मला कसंतरी झालं. म्हणून त्यावर ‘शुभ सकाळ’ लिहिलं आणि रोजच्यासारखा ग्रुपवर टाकला. वाटलं, शुभ सकाळ लिहिलं की तो इतरांसारखाच एक फोटो झाला. कुणी त्यात दुसरं काही बघणार नाही.

वॉर्ड ऑफिसातला कागद काळा नव्हता. रंगीत होता, स्वच्छ. तू ग्लास पुसत होतीस, टेबल दारासारखं मोठं दिसत होतं. वरची कड कापली होती पण नीट कापली नव्हती. ‘शुभ सकाळ’ची खालची अर्धी अक्षरं तशीच राहिली होती. माझी ती पिवळी अक्षरं. क्लार्क म्हणाला, ‘बघा ना काका, लोक तक्रारसुद्धा शुभ सकाळ घालून पाठवतात.’ शेजारच्या खिडकीतलेही हसले. मी पायऱ्या उतरून रिक्षा केली आणि घरी येऊन तुला ते ९ तारखेचं पत्र लिहिलं. तू परत येऊ नयेस, तुला कळू नये, म्हणून हवा चांगली आहे असं लिहिलं. केतन, मिथुन, सुगंधा, सगळ्यांच्या मागे मी लागलो होतो तोही त्याचसाठी. दुसरा कुणी सापडला असता तर मला माझ्याकडे बघावं लागलं नसतं.

आता पुढचं ऐक.

वहिनीला सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाचा टाळ्यांचा व्यायाम संपला. मी म्हटलं, थांबा जरा. रसवाली शकू माझी सख्खी बहीण आहे. फोटो मी काढला. आणि मी इंजिनिअर नाही, फिटर होतो. एवढं बोलायला मला फार वेळ लागला असं वाटलं, पण कुणाचे हातसुद्धा अजून खाली आले नव्हते. चंद्रप्रकाश म्हणाले, ‘अहो, मग आधी सांगायचं ना. मी गजरेवालीचा फोटो मागितला असता.’ त्यांना खरंच असं वाटत होतं की ही चांगुलपणाची गोष्ट आहे. एक जण म्हणाले, ‘म्हणजे इतकी वर्षं आम्हाला बनवत होतात?’ मी म्हटलं, तुम्हाला कमी, तिला जास्त. संध्याकाळी मला ग्रुपमधून काढलं. सहा वर्षांचे फोटो त्या ग्रुपवर राहिले आणि मी बाहेर.

मग मी टेप घेऊन फाटकाशी गेलो. पदपथ सात फूट. तुझं टेबल अडीच फूट खोल. साडेचार फूट मोकळा, म्हणजे दोन माणसं शेजारी शेजारी जातात. सुगंधाने टेपचं एक टोक धरलं. केतन दुकानातून ओरडला, ‘काका, आता रस्तापण विकायला काढलात काय?’ मोजमाप कागदावर लिहिलं, उभ्याने काढलेला फोटो जोडला, खाली लिहिलं की आधीचा फोटो मी काढला होता आणि तो बसून काढलेला असल्यामुळे जागा दिसत नाही. सही केली. तो कागद त्याच क्लार्कला दिला, शिक्का मारून घेतला. त्याने वाचला आणि या वेळी हसला नाही. उपयोग होईल की नाही ते देव जाणे.

तुझ्या टेबलासाठी अर्ज केलाय, ते कधी मिळेल सांगता येत नाही. म्हणून जिन्याखालचं फोल्डिंग टेबल घेऊन १२ तारखेपासून सकाळी सहाला मी तुझ्या जागेवर उभा राहतो. मिथुनने किटली दिली. ‘ताई येईपर्यंत उधार,’ म्हणाला. वहिनी कारली किसते आणि किसता किसता मला ऐकवते, त्यामुळे कारलं आणखी कडू होतं. मोबाइल कव्हरवाला दोन दिवस आला, बघून गेला. जागा गार झालेली नाही.

धंदा मात्र भिकार आहे. पहिल्या दिवशी एका बाईने घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवून म्हणाली, ‘काका, हा दुधी आहे की भिंतीला लावायचा चुना?’ सुगंधा म्हणते, ‘दादा, ओरडा जरा. मुक्याने उभं राहिलं तर लोकांना वाटतं पोलिओचा बूथ आहे.’ मला ओरडता येत नाही. दोनदा प्रयत्न केला, तोंडातून ‘रस आहे’ असं खोकल्यासारखं निघालं. मंडळाची माणसं समोरून जातात. दोघं-तिघं खाली बघून जातात. चंद्रप्रकाश पलीकडच्या पदपथाने जातात. एक जण मात्र थांबले, आवळा मागितला आणि म्हणाले, ‘बहिणीच्या हाताची चव तुमच्या हाताला नाही.’ मी म्हटलं, बरोबर आहे.

तर शकू, तुझी माफी मी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी द्यावं लागेल, आणि तू आजवर पुष्कळ दिलंयस. या सगळ्यातही माझा काही डाव असेल, मला पुन्हा मंडळात तोंड वर करून फिरायचं असेल, असा संशय तुला येईल. येऊ दे. तो घ्यायचा तुझा हक्क आहे. पण २६ तारखेला तो माणूस येईल तेव्हा टेबलामागे जो उभा असेल त्याचं नाव लिहील. मी उभा असलो तर माझं लिहील. सुगंधा म्हणते, तसंच करून टाका, जागा घरात तर राहील. मी नाही म्हटलं. ती जागा घराची नाही, तुझी आहे. त्या दिवशी तू नसशील तर मी टेबल मिटून बाजूला उभा राहीन आणि जे व्हायचं ते होऊ देईन.

आधार कार्ड तू नेलेल्या पिवळ्या पिशवीत आहे, वहिनीने सांगितलंय. २४ च्या रात्रीची बस धरलीस तर २५ ला सकाळी इथे. घरी यायचं नसेल तर सुगंधाकडे उतर, तिने होकार दिलाय. मी समोर नको असेन तर मी त्या दिवशी बागेच्या आत फेऱ्या मारीन.

रोज दहा-बारा जण तरी विचारतात, त्या बाई कुठे गेल्या. मी त्यांना सांगतो, माझी धाकटी बहीण आहे, लेकीकडे गेलीय, येईल. तू येशील का ते मला ठाऊक नाही, तरी सांगतो, आणि ते मात्र मला मोठ्याने सांगता येतं.

लवकर लिही. पोस्टाला पाच दिवस लागतात, म्हणून वाचल्या वाचल्या लिही. येणार की नाही तेवढं, आणि आवळ्यात आलं किती घालतेस.

तुझा,
सीतारामदादा